कर्मवीर भाऊराव पाटील आणि एका पंगतीची शाळा

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत प्रतिवर्षी एका थोर पुरुषाचे चरित्र द्यावे, असा प्रघात आहे. बहुधा ते चरित्र आपल्याच समाजातील एखाद्या कर्तबगार पुरुषाचे असते, आणि त्यात गैर काही नाही. आपल्या मुलांना आपल्या वडीलधाऱ्यांची ओळख असावी, हा या स्मरणिकेचा एक हेतूच आहे. परंतु या वर्षी चरित्रलेखनाचे काम माझ्याकडे आले, तेव्हा मी संपादक मंडळींकडे एक सवलत मागितली. आपल्या समाजात न जन्मलेल्या, तथापि आपल्या घरोघरच्या मुलांवर ज्यांचे ऋण आहे अशा एका पुरुषाविषयी लिहू द्यावे, ही ती सवलत होय. संपादकांनी ती आनंदाने दिली, याबद्दल त्यांचा आभारी आहे. ते पुरुष म्हणजे रयत शिक्षण संस्थेचे संस्थापक कर्मवीर भाऊराव पायगोंडा पाटील.

सुप्याच्या माणसाने भाऊरावांविषयी का लिहावे, असे कोणी विचारील, तर त्याचे उत्तर आपल्या गावाच्या इतिहासातच आहे. सुपे हे नाव शहाजीराजांच्या पुणे-सुपे जहागिरीमुळे इतिहासाच्या पुस्तकात येते, हे शाळेतील पोरही सांगते. पण याच सुप्याचे नाव आणखी एका कारणाने सरकारदप्तरी नोंदले गेले. १२ मे १८७५ रोजी, बाजाराच्या दिवशी, येथे जमलेल्या शेतकऱ्यांनी सावकारांच्या दुकानांवर व घरांवर हल्ला केला. माणसांना फारशी इजा झाली नाही. लोकांचा रोख होता तो कर्जरोख्यांवर व खतावण्यांवर. हाती लागलेले कागद त्यांनी जाळून टाकले. येथून ती आग पुणे व नगर जिल्ह्यांतील गावोगाव पसरली आणि दख्खनचे दंगे या नावाने प्रसिद्ध झाली. सरकारने चौकशीसाठी आयोग नेमला व १८७९ साली शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा केला.

त्या दिवशी जे कागद जळाले, त्यांवर आपल्या आज्या-पणज्यांचे अंगठे होते. कागदावर काय लिहिले आहे, हे अंगठा उठविणाऱ्यास वाचता येत नव्हते. व्याज किती, मुद्दल किती, जमीन गहाण आहे की खरेदी दिली आहे, हे सारे दुसऱ्याने वाचून सांगायचे व आपण मान डोलवायची, अशी ती अवस्था होती. कागद जाळणे हा रागाचा उपाय झाला. कागद वाचावयास शिकणे हा खरा उपाय, आणि तो उपाय पुढे ज्यांनी रयतेच्या दारी नेला, त्यांत भाऊरावांचे स्थान फार वरचे आहे. त्यांनी आपल्या संस्थेस नावही रयतेचेच दिले.

जन्म व बालपण

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूर संस्थानातील कुंभोज या गावी, त्यांच्या आजोळी झाला. घराणे जैन. मूळ वास्तव्य ऐतवडे बुद्रुक येथे. ते गाव आज सांगली जिल्ह्याच्या वाळवे तालुक्यात येते. वडील पायगोंडा पाटील महसूल खात्यात नोकरीस होते व आईचे नाव गंगाबाई. वडिलांच्या बदल्यांमुळे भाऊरावांचे प्राथमिक शिक्षण एका गावी सलग झाले नाही. अंगाने दणकट, कुस्ती व पोहणे यांत पटाईत, अभ्यासात बेताचे, आणि अन्याय दिसला की हात आवरता न येणारे, असा हा मुलगा होता.

त्यांच्या लहानपणाची एक हकीगत त्यांचे चरित्रकार आवर्जून सांगतात. अस्पृश्य मानल्या गेलेल्या बायका विहिरीच्या कडेला रिकाम्या घागरी घेऊन ताटकळत उभ्या होत्या. कोणा सवर्णाने दया येऊन पाणी घालावे, तोवर त्यांनी उन्हात थांबावे, अशी रीत होती. मुलाने विहिरीचा रहाट मोडून आत टाकला. ज्या विहिरीचे पाणी सर्वांना नाही, ते कोणालाच नको, असा तो बालहट्ट होता. वय वाढले तशी त्यांची मोडतोड करण्याची वृत्ती गेली व बांधण्याची आली. परंतु मूळ प्रश्न तोच राहिला. पाण्याच्या जागी विद्या आली, एवढाच फरक.

कोल्हापूर : वसतिगृहातून बाहेर

पुढील शिक्षणासाठी भाऊराव कोल्हापूरच्या राजाराम हायस्कुलात गेले व जैन वसतिगृहात राहू लागले. येथे कोल्हापूरच्या वसतिगृहांविषयी थोडे सविस्तर सांगितले पाहिजे. कारण आपल्यासारख्या जातिमंडळांचा आणि त्या वसतिगृहांचा निकटचा संबंध आहे.

राजर्षी शाहू छत्रपतींनी १८९६ साली सर्व जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मिळून एक वसतिगृह काढून पाहिले होते. परंतु काही काळातच ते एकाच वर्गाच्या विद्यार्थ्यांचे होऊन बसले व बाकीच्यांना तेथे जागा उरली नाही. खेड्यातून आलेल्या बहुजनांच्या पोरास शहरात खोली कोणी देत नसे, अन्न कोणी वाढीत नसे. तेव्हा महाराजांनी दुसरा मार्ग धरला. १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झाले, त्याच सुमारास जैन वसतिगृह निघाले, आणि पुढे मुसलमान, लिंगायत, शिंपी, दैवज्ञ अशा एकेका समाजाची वसतिगृहे महाराजांच्या आश्रयाने उभी राहिली. १९०८ साली अस्पृश्य मानलेल्या विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह स्थापन झाले. प्रत्येक समाजाने आपल्या मुलांची जबाबदारी उचलावी, म्हणजे कोणीच मागे राहणार नाही, असा त्यामागील व्यवहार होता. आज महाराष्ट्रात गावोगाव जी जातिमंडळे विद्यार्थी-साहाय्य करतात, ती याच झाडाच्या फांद्या होत. म्हणून त्या वसतिगृहांना नावे ठेवण्याचे कारण नाही. ज्या घराला जिनाच नव्हता, त्याला तो प्रथम कोल्हापुरात मिळाला.

मात्र जिन्याची पायरी हेच जर कोणी घर समजू लागला, तर काय होते, हे भाऊरावांना तेथेच अनुभवास आले. मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभास ते गेले होते. परत आल्यावर स्नान करून शुद्ध झाल्याखेरीज पंक्तीस बसता येणार नाही, असे त्यांना सांगण्यात आले. त्यांनी स्नानास नकार दिला. वसतिगृहाचे नियम त्यांनी पूर्वीही मोडले होते. या वेळी मात्र त्यांना वसतिगृह सोडावे लागले. ज्या जातीच्या मुलासाठी ते छप्पर उभारले होते, त्याच जातीच्या मुलाला त्या छपराखालून जावे लागले, आणि तेही दुसऱ्या एका छपराच्या समारंभास हजर राहिल्यामुळे. पुढे शाहू महाराजांनी त्यांना आश्रय दिला. महाराजांच्या सहवासाचा ठसा त्यांच्यावर जन्मभर राहिला.

शिक्षण मात्र अर्धवटच राहिले. इंग्रजी सहावीच्या पुढे त्यांची गाडी गेली नाही. ज्यांनी पुढे महाविद्यालये काढली, ते स्वतः मॅट्रिकही नव्हते, ही गोष्ट आपल्यातील नापास होऊन हताश झालेल्या मुलांनी ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

सत्त्वपरीक्षा

१९१४ साली कोल्हापुरात पुतळ्यास डांबर फासल्याचे एक प्रकरण गाजले. त्यात अण्णासाहेब लठ्ठे यांस गोवण्याचा प्रयत्न झाला. लठ्ठे हे जैन समाजाचे विद्वान पुढारी. भाऊराव विद्यार्थी असताना जैन वसतिगृहाची सूत्रे त्यांच्याच हाती होती. लठ्ठ्यांविरुद्ध साक्ष द्यावी म्हणून पोलिसांनी भाऊरावांस धरले. कोठडी झाली, मारहाण झाली, छळ इतका झाला की त्यांनी जीव देण्याचाही प्रयत्न केला. पण खोटी साक्ष त्यांच्या तोंडून निघाली नाही. ज्यांच्या कारकिर्दीत आपणास वसतिगृह सोडावे लागले, त्यांच्याविरुद्ध सूड उगविण्याची ही आयती संधी होती. भाऊरावांनी ती लाथाडली. मतभेद ही एक गोष्ट व असत्य ही दुसरी, हे ज्याला अंगावर वळ उठत असता कळते, त्याच्या हाती हजारो मुले निःशंकपणे सोपवावीत.

मध्यंतरी त्यांनी साताऱ्यात शिकवण्या केल्या. लोक त्यांना पाटील मास्तर म्हणू लागले. नंतर किर्लोस्करांचे लोखंडी नांगर विकण्याची फिरती नोकरी पत्करली. ओगल्यांच्या काचकारखान्यासाठीही ते हिंडले. साताऱ्यात धनजीशा कूपर यांच्या लोखंडी कारखान्याच्या उभारणीतही त्यांचा हात होता. परंतु शिक्षणकार्यास मिळावयाच्या पैशावरून मतभेद होऊन ते तेथून बाहेर पडले. नांगर विकणाऱ्यास शेतकऱ्याच्या ओसरीवर बसावे लागते. या हिंडण्यात त्यांनी खेड्यातील दारिद्र्य जवळून पाहिले, आणि ज्या मुलांच्या हाती नांगर येणार आहे त्यांच्या हाती पाटीही यावी, हा विचार पक्का झाला.

काले येथील बीजारोपण

१९१० च्या सुमारास दूधगाव येथे मित्रमंडळींच्या साहाय्याने त्यांनी विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाचा एक प्रयोग केलेला होता. सत्यशोधक समाजाच्या कार्यातही त्यांचा भाग असे. कराड तालुक्यातील काले या गावी, ४ ऑक्टोबर १९१९ रोजी, विजयादशमीच्या मुहूर्तावर रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली.

संस्थेचे जे उद्देश ठरविण्यात आले, ते आजही वाचण्यासारखे आहेत. मागासलेल्या वर्गांत शिक्षणाची आवड निर्माण करावी. गरीब मुलांना शक्य तितके फुकट शिक्षण द्यावे. निरनिराळ्या जातींच्या व धर्मांच्या मुलांत एकमेकांविषयी प्रेमभाव उत्पन्न करावा. अयोग्य रूढींना फाटा द्यावा. एकत्र राहण्याचे महत्त्व कृतीने पटवावे. आणि मुलांना कष्टाळू व स्वावलंबी करावे, असा त्यांचा आशय आहे. यातील तिसरा उद्देश विशेष पाहावा. शिक्षण देणाऱ्या संस्था त्या काळीही होत्या. परंतु मुलामुलांत प्रेम उत्पन्न करणे हेही शाळेचेच काम आहे, आणि ते उपदेशाने न करता एकत्र राहण्याने करावयाचे आहे, असे लेखी ठरवून कामाला लागलेल्या संस्था फार थोड्या. आज मोठमोठ्या शहरांतून हायस्कुलातील मुलांना एकत्र आणून परस्परांविषयी आपलेपणा वाटावा म्हणून शिबिरे भरविली जातात, व्याख्याने होतात. ती व्हावीत. पण आपल्याकडे हे काम शंभर वर्षांपूर्वी काल्यासारख्या खेड्यात सुरू झाले, हे आपण विसरू नये.

साताऱ्याचे वसतिगृह व लक्ष्मीबाई

१९२४ साली भाऊरावांनी साताऱ्यास वसतिगृह उघडले. आरंभीच्या मोजक्या मुलांतच अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजाचा मुलगा होता. पुढे मराठा, महार, मांग, चांभार, रामोशी, धनगर, माळी, मुसलमान, जैन, ब्राह्मण अशा नाना समाजांची मुले धनिणीच्या बागेतील त्या वसतिगृहात एकत्र आली. नियम एकच होता. सर्वांनी एकत्र राहावयाचे, एकत्र राबावयाचे, एकत्र जेवावयाचे. दळण, स्वयंपाक, झाडलोट, पाणी भरणे, बागेतील खोदकाम ही कामे मुले आळीपाळीने करीत. अमुक काम अमक्या जातीचे, ही गोष्ट जेथे घराघरात पाळली जात होती, तेथे ज्याची पाळी त्याचे काम, असा साधा हिशेब भाऊरावांनी घालून दिला. जातिभेदावर त्यांनी मुलांना किती व्याख्याने दिली, ते ठाऊक नाही. पण ज्याने आपल्या हाताने थापलेली भाकरी शेजारच्या मुलाला वाढली आहे आणि त्याच्या हातची आमटी ओरपली आहे, त्याला त्या विषयावर व्याख्यानाची गरज उरत नाही.

या ठिकाणी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांचे स्मरण केल्यावाचून पुढे जाणे हा कृतघ्नपणा होईल. त्या माहेरच्या कुंभोजच्या, सुखवस्तू पाटील घराण्यातील. सोवळेओवळे कडकपणे पाळणाऱ्या जैन घरात वाढलेल्या. पतीने जेव्हा नाना जातींची पोरे घरात आणली, तेव्हा त्यांच्या मनाची काय अवस्था झाली असेल, याची कल्पना आपल्या घरांतील वडीलधाऱ्या स्त्रिया करू शकतील. आरंभी त्यांना ते जड गेले. पण मुलाच्या तोंडाकडे पाहिल्यावर त्याची जात दिसेनाशी होते, ही आईची रीत त्यांच्या ठिकाणी जागी झाली, आणि त्या सर्व मुलांच्या आई झाल्या. वसतिगृहाच्या खर्चासाठी त्यांचे दागिने एकामागून एक गेले. एके दिवशी कोठीत धान्य नव्हते व भाऊराव परगावी होते, तेव्हा त्यांनी गळ्यातले मंगळसूत्र मोडून मुलांच्या पोटाची सोय केली. १९३० साली त्यांचा अंत झाला. रयत शिक्षण संस्थेच्या वडाला पाणी घालणारे हात पुष्कळ झाले. पहिली घागर मात्र लक्ष्मीबाईंनी ओतली.

२५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधी साताऱ्यास आले असता त्यांच्या हस्ते या वसतिगृहास छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस हे नाव देण्यात आले. आपल्या आश्रमात जे आपणास पुरते साधले नाही ते येथे साधलेले पाहून गांधीजींना समाधान वाटले, असे सांगतात. ज्या राजाने प्रत्येक जातीस तिचे वसतिगृह दिले, त्याचेच नाव भाऊरावांनी सर्व जातींच्या वसतिगृहास द्यावे, यात मला मोठे औचित्य दिसते. महाराजांनी १८९६ साली जे करून पाहिले व जे त्या काळी तगले नाही, ते त्यांच्या शिष्याने पुरे केले. पहिले वसतिगृह का फसले, हे भाऊरावांनी ओळखले होते. दार सर्वांना उघडे ठेवले, तरी घर आपोआप सर्वांचे होत नाही. ज्याला कोणी बोलावीत नाही, त्याला हाताला धरून आणावे लागते. आणि आत आल्यावर कोणी पाहुणा व कोणी यजमान असा भेद राहू नये, म्हणून कामाच्या पाळ्या लावाव्या लागतात.

या वसतिगृहात वाढलेल्या मुलांपैकी पी. जी. पाटील पुढे विलायतेस जाऊन बॅरिस्टर झाले व शिवाजी विद्यापीठाच्या कुलगुरुपदापर्यंत चढले. साताऱ्याचे विधी महाविद्यालय आज इस्माईलसाहेब मुल्ला यांचे नाव धारण करते; तेही संस्थेच्या जिवाभावाच्या सेवकांपैकी एक होत. जैन संस्थापक, मुसलमान सहकारी, मराठा राजाचे नाव आणि अठरापगड विद्यार्थी, असा हा मेळ होता.

पुण्याचे युनियन बोर्डिंग

आपल्या पुणे जिल्ह्याचा या कार्याशी थेट संबंध आला तो १९३२ साली. त्या वर्षी २४ सप्टेंबरला येरवड्यास पुणे करार झाला. डॉक्टर आंबेडकर व सवर्ण हिंदूंचे पुढारी यांच्यात तो होऊन गांधीजींचे प्राणांतिक उपोषण सुटले. वर्तमानपत्रांतून लेख आले, सभा झाल्या. भाऊरावांनी त्या कराराच्या स्मरणार्थ पुण्यास युनियन बोर्डिंग हाऊस काढले. स्पृश्य व अस्पृश्य म्हटले जाणारे विद्यार्थी तेथे एकत्र राहू लागले. दोन बाजूंच्या पुढाऱ्यांनी कागदावर सह्या केल्या. त्या सह्या खऱ्या व्हाव्यात म्हणून दोन्ही बाजूंच्या मुलांना एका खोलीत राहावयास लावणे, हा भाऊरावांचा मार्ग होता.

शाळांचे जाळे

वसतिगृहानंतर शिक्षक घडविण्याचे काम हाती घेतले गेले. १९३५ साली साताऱ्यास ग्रामीण शिक्षकांसाठी अध्यापन विद्यालय निघाले. ते पुढे महात्मा फुले यांच्या नावाने ओळखले जाऊ लागले. मुलींकरिता जिजामातेच्या नावाने अध्यापिका विद्यालय झाले. १९३८ च्या सुमारास साताऱ्याजवळील यवतेश्वर येथून व्हॉलंटरी शाळांची सुरुवात झाली. जेथे सरकारी शाळा पोहोचत नसे, तेथे देवळात, चावडीत, झाडाखाली या शाळा भरत. पुढील दहा-अकरा वर्षांत त्यांची संख्या पाचशेच्या वर गेली.

१९४० साली साताऱ्यास महाराजा सयाजीराव हायस्कूल स्थापन झाले. मुलांनी राहावे, श्रम करावेत व फी न भरता शिकावे, अशी ही शाळा होती. एका धनिकाने मोठी देणगी देऊ करून विद्यालयाचे नाव बदलण्याचे सुचविले, तेव्हा आपल्या बापाचे नाव एक वेळ बदलीन पण दिलेले नाव बदलणार नाही, अशा अर्थाचे उत्तर भाऊरावांनी दिले, अशी हकीगत सांगतात.

१९४७ साली साताऱ्यास छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले. कमवा आणि शिका ही योजना तेथे नावारूपास आली. सकाळी शेतावर काम करावे व नंतर वर्गात बसावे, असा तेथील गरीब मुलांचा क्रम असे. श्रीमंताचे पोर आणि मजुराचे पोर एकाच बांधावर कुदळ मारीत असले, म्हणजे दोघांत उच्च कोण हे कुदळच ठरवीत असते. १९५४ साली कऱ्हाडास गाडगे महाराजांच्या नावाने कॉलेज झाले व १९५५ साली साताऱ्यास मौलाना आझादांच्या नावाने शिक्षणशास्त्राचे महाविद्यालय. शाहू, सयाजीराव, शिवाजी, फुले, जिजामाता, गाडगेबाबा, आझाद ही नावे एका ओळीत वाचली, तरी त्या माणसाच्या मनाचा विस्तार ध्यानात येतो.

संकटेही आली. १९४८ च्या सुमारास सरकारवरील स्पष्टोक्तीमुळे मुंबई सरकारची मर्जी फिरली व संस्थेची अनुदाने थांबली. शेकडो शिक्षकांचे पगार अडले. भाऊराव झोळी घेऊन रयतेकडे गेले व रयतेने ती रिकामी परत पाठविली नाही. अखेर गाडगे महाराजांनी मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांच्याकडे शब्द टाकला व अनुदाने पुन्हा सुरू झाली. स्वतः अक्षरशत्रू असलेल्या त्या साधूने शाळांसाठी रदबदली केली, यापरते शिक्षणाचे मोठे प्रशस्तिपत्र नाही.

लोकांनी त्यांना कर्मवीर म्हटले. १९५९ साली भारत सरकारने पद्मभूषण दिले व त्याच वर्षी पुणे विद्यापीठाने सन्माननीय डी. लिट. पदवी दिली. मॅट्रिक न झालेल्या माणसाच्या अंगावर विद्यापीठाने आपण होऊन शाल घातली. त्यानंतर थोड्याच दिवसांनी, ९ मे १९५९ रोजी, पुण्यास त्यांचे देहावसान झाले. समाधी साताऱ्यास आहे. त्यांनी संस्थेचे बोधचिन्ह म्हणून वटवृक्ष निवडला होता. २०१९ साली त्या वृक्षाने शंभरी गाठली, आणि त्याच्या पारंब्या पुणे, सातारा, सांगली, सोलापूर, अहिल्यानगर व इतर जिल्ह्यांत शेकडो शाळांच्या रूपाने जमिनीला टेकल्या आहेत.

आपणापुढील प्रश्न

येथे चरित्र संपते. परंतु लेख येथेच संपविला, तर भाऊरावांविषयी लिहिण्याचा अधिकार मला राहणार नाही. ज्याला स्वजातीच्या वसतिगृहातून बाहेर पडावे लागले, त्याचे चरित्र आपण एका जातिमंडळाच्या स्मरणिकेत छापीत आहोत. यातील विसंगती सुज्ञ वाचकांच्या नजरेतून सुटणार नाही. ती झाकण्यापेक्षा तिला तोंड देणे बरे.

आपले मंडळ बंद करावे, असे माझे म्हणणे नाही. सुपे परिसर जिरायती. नीरेच्या डाव्या कालव्याचे पाणी १८८५ साली बारामतीच्या दक्षिण भागास मिळू लागले, पण आपल्या माळावर पावसावाचून दुसरा धनी नाही. दुष्काळाच्या वर्षी आपल्या कितीतरी मुलांची पुस्तके व परीक्षेची फी मंडळाच्या निधीतून गेली, हे मी जाणतो. कोल्हापूरच्या वसतिगृहांनी जे केले, तेच आपण लहान प्रमाणावर करीत आहोत.

परंतु शिक्षकी पेशात आयुष्य गेल्यामुळे एक गोष्ट मला दिसते, ती सांगितली पाहिजे. प्राथमिक शाळेत मुले पोषण आहाराची खिचडी एका ओळीत बसून खातात व कोणाच्या मनात काही येत नाही. तीच मुले आठवी-नववीत गेली, की आपापल्या आळीच्या, आपापल्या नावांच्या मुलांत बसू लागतात. कोणाची जयंती कोणी करावयाची, कोणत्या मिरवणुकीत कोणी नाचावयाचे, याच्या वाटण्या होतात. वर्षभर एका बाकावर बसलेल्या दोन मुलांचा निकाल लागला, की प्रत्येकाचा सत्कार त्याच्या त्याच्या समाजाच्या मांडवात होतो. एकाच्या सत्काराला दुसरा जात नाही, कारण त्याला बोलावणे नसते. हे कोणी दुष्टपणाने करीत नाही. आपणच त्यांना ही वाट दाखवून दिली आहे. पंधरा-सोळा वर्षांचे वय असे असते, की त्या वयात जडलेला स्नेह जन्मभर पुरतो व त्या वयात पडलेले अंतरही जन्मभर राहते. भाऊरावांनी नेमके त्याच वयाचे मूल उचलले, ते याचसाठी.

म्हणून मंडळाच्या कार्यकारिणीपुढे मी एक नम्र सूचना ठेवतो. विद्यार्थी-साहाय्याचा निधी ज्यांनी ज्या हेतूने दिला, त्या हेतूसाठीच राहू द्यावा. देणगीदाराचा शब्द मोडू नये. परंतु प्रतिवर्षी होणारा विद्यार्थी मेळावा केवळ आपल्या मुलांचा न ठेवता, सुपे व आसपासच्या वाड्यावस्त्यांतील हायस्कुलात शिकणाऱ्या सर्व मुलामुलींचा करावा. निबंध व वक्तृत्व स्पर्धा सर्वांना खुल्या असाव्यात. आमंत्रणे फलकावर लावून थांबू नये. जी मुले आपण होऊन येणार नाहीत, त्यांच्या घरी कार्यकर्त्यांनी जावे. सकाळी सर्व मुलांनी मिळून गावातील एखादे श्रमाचे काम करावे, ओढ्याकाठी झाडे लावावीत, बाजारतळ झाडावा. दुपारी एक पंगत व्हावी, आणि वाढप्यांच्या पाळ्या चिठ्ठ्या टाकून ठरवाव्यात. गुणवंतांचा सत्कार त्याच मांडवात, त्यांच्या गुणांच्या क्रमाने व्हावा.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला खर्चाचा. त्याचे उत्तर सोपे आहे. भाऊरावांचे वसतिगृह रयतेने दिलेल्या धान्यावर चालले. प्रत्येक घराने एक शेर बाजरी व मूठभर डाळ दिली, तरी आपली पंगत उठेल. दुसरा आक्षेप मनातला आहे व तो बोलून दाखविला जात नाही. आपल्या पैशाने इतरांच्या मुलांचे कौतुक कशासाठी, असा तो आहे. त्याला माझे उत्तर एवढेच, की आपल्या मुलाला उद्या ज्या गावात राहावयाचे आहे, ते गाव केवळ आपल्या समाजाचे नाही. त्याच्या बांधाला लागून असलेला शेतकरी, त्याच्या आजारी आईला दवाखान्यात नेणारा गाडीवाला, त्याच्याबरोबर सोसायटीत बसणारा सभासद, हे सारे निरनिराळ्या समाजांचे असणार. त्यांच्याशी त्याचा स्नेह असणे, हीच त्याची सर्वांत मोठी शिष्यवृत्ती आहे.

दीडशे वर्षांपूर्वी सुप्याच्या बाजारात सारे गाव एकत्र आले, ते कागद जाळण्यासाठी. त्या गर्दीत कोणाची जात कोणी विचारली नसावी. दुःख सर्वांचे एक होते. दुःखाने एकत्र आणलेली माणसे दुःख सरले की पांगतात. विद्येने व श्रमाने एकत्र आणलेली मुले तशी पांगत नाहीत, हे कर्मवीरांनी साताऱ्यास दाखवून दिले. पुढील वर्षी याच स्मरणिकेत आपल्या मेळाव्याचे वृत्त छापले जावे, आणि त्यात बक्षीस मिळविणाऱ्या मुलांची नावे वाचताना कोण कोणत्या समाजाचे हे ओळखण्याची उत्सुकता वाचकाच्या मनात उत्पन्न होऊ नये, एवढीच इच्छा व्यक्त करून, कर्मवीर भाऊराव व माता लक्ष्मीबाई यांच्या स्मृतीस वंदन करतो आणि लेखणी खाली ठेवतो.